आकाशातून मोजलेला गुंठा

गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जमीन. इंग्रजांनी १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यातून महसुली मोजणीची नवी पद्धत सुरू केली. पुढे ती मुंबई इलाखाभर गेली, तेव्हा मोजणीदार ३३ फुटांची साखळी ओढत शिवारं पालथी घालत होते. साखळीचे सोळा भाग, एकेका भागाला आणा म्हणायचे. अशा ४० गुंठ्यांचा एकर. पुढं मेट्रिक मापं आली आणि सातबारावर हेक्टर-आर अवतरलं, पण बांधावर आणि पारावर अजून गुंठाच चालतो. तसाही आर काही फार परका नाही. १० मीटर बाय १० मीटर म्हणजे एक आर, आणि ३३ फूट म्हणजे १०.०६ मीटर. दोघांच्या कडेत फरक आहे तो तीन बोटांचा.

आता २३ जून २०१५ ची गोष्ट. त्या दिवशी युरोपीय अवकाश संस्थेनं सेंटिनेल-२ मालिकेतला पहिला उपग्रह सोडला. तो ७८६ किलोमीटर उंचीवरून फिरतो आणि त्याचा कॅमेरा जमिनीची जी सगळ्यात लहान चौकट वेगळी ओळखतो ती १० मीटर बाय १० मीटर असते. म्हणजे नेमका एक आर, किंवा आपल्या हिशेबानं एक गुंठा. हा निव्वळ योगायोग. सेंटिनेलच्या अभियंत्यांनी इंदापूरचं नाव ऐकलं असण्याचं काही कारण नाही. पण आपल्यासाठी ही मोठीच सोय झाली. अवकाशातून जमीन पाहण्याचा सगळा इतिहास आपल्याला गुंठ्यांत सांगता येतो.

तो असा. अमेरिकेचा पहिला लँडसॅट २३ जुलै १९७२ ला उडाला, म्हणजे महाराष्ट्र बहात्तरच्या दुष्काळात होरपळत होता त्याच वर्षी. त्याची चौकट सुमारे ८० मीटरची, म्हणजे ६३ गुंठ्यांची. दीड एकराच्या आतलं काहीही त्याला वेगळं दिसत नसे. भारताचा आयआरएस-१ए हा उपग्रह १७ मार्च १९८८ ला बैकानूरहून सोव्हिएत रॉकेटनं गेला. त्याच्या एका कॅमेऱ्याची चौकट ७२.५ मीटरची, म्हणजे ५२ गुंठ्यांची. दुसऱ्याच्या चौकटीची कड त्याच्या निम्मी, म्हणजे १३ गुंठे. २००३ च्या रिसोर्ससॅटवरचा एक कॅमेरा ५.८ मीटरपर्यंत आला, म्हणजे गुंठ्याचा तिसरा हिस्सा. तीस वर्षांत आकाशातली नजर दीड एकरावरून विहिरीच्या घेरापर्यंत बारीक झाली.

या चौकटीला पिक्सेल म्हणतात. आपण त्याला चित्रातला ठिपका समजतो, पण उपग्रहाच्या लेखी तो आकड्यांचा एक गठ्ठा असतो. त्या गुंठ्यावरून परतलेला प्रकाश सेंटिनेल-२ तेरा वेगवेगळ्या पट्ट्यांत मोजतो. दहा मीटरची बारकाई त्यातल्या चारच पट्ट्यांच्या वाट्याला येते: निळा, हिरवा, लाल आणि लालच्या पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड. यातला चौथा पट्टा सगळ्यात बोलका आहे.

उसाचं एक जोमदार पान घ्या. त्यातलं हरितद्रव्य लाल प्रकाश जवळजवळ सगळा पिऊन टाकतं, कारण त्याच्यावरच पानाचा स्वयंपाक चालतो. इन्फ्रारेड मात्र पानाच्या कामाचा नाही. तो आत घेतला तर पान नुसतं तापेल. पानाच्या आतल्या पेशींची रचना सैल असते, पेशींच्या मधे हवेच्या पोकळ्या असतात. त्या पोकळ्यांवर आपटून इन्फ्रारेड किरण उलट फिरतात. म्हणून निरोगी पीक आपल्याला नुसतं हिरवं दिसत असलं, तरी इन्फ्रारेडमध्ये ते लखलखत असतं. ही लखलख आपल्याला दिसत नाही म्हणून बरं. दिसती तर श्रावणातल्या शिवाराकडे डोळे वर करून पाहवलं नसतं.

यातून एक साधं गणित निघतं. इन्फ्रारेडमधून लाल वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेनं भागायचं. समजा भरात आलेल्या उसाच्या गुंठ्यावरून शंभरातला ४५ भाग इन्फ्रारेड आणि ५ भाग लाल परतला. ४० भागिले ५०, म्हणजे ०.८. शेजारची नांगरलेली काळी जमीन १६ आणि १२ देते. ४ भागिले २८, म्हणजे ०.१४. नदीचं पाणी इन्फ्रारेड जवळपास गिळूनच टाकतं, त्यामुळे तिथं उत्तर शून्याच्या खाली जातं. आठवीतल्या मुलानं वहीत सोडवावं असं हे गणित, पण जगभरच्या पिकांचे अंदाज, दुष्काळाचे इशारे आणि वणव्यांचे हिशेब त्याच्यावर उभे आहेत.

भारतात या अदृश्य प्रकाशाचा पहिला मोठा उपयोग उपग्रहानं नव्हे, हेलिकॉप्टरनं केला. पिशारोथ रामा पिशारोटी हे मूळचे हवामानशास्त्रज्ञ. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ते पहिले संचालक. १९७० च्या सुमारास त्यांनी केरळातल्या नारळबागांवरून इन्फ्रारेड फिल्म भरलेला कॅमेरा फिरवला. तिथं माडांना रूट-विल्ट नावाचा मर रोग लागला होता. फोटोत रोगट माड निरोगी माडांपासून वेगळे उठून दिसले, खाली उभ्या माणसाला काही कळण्याच्या आधीच. भारतातल्या सुदूर संवेदनाची, म्हणजे दुरूनच मोजमाप घेण्याच्या शास्त्राची, सुरुवात इथून धरतात आणि पिशारोटींना त्याचे जनक मानतात. हवामानवाल्या माणसानं माडाचं दुखणं आकाशातून ओळखावं, यात मला तरी शास्त्राचं खरं रूप दिसतं. आपला वाफा सोडून दुसऱ्याच्या वाफ्यात वाकून पाहिल्याशिवाय असलं काही हाती लागत नाही.

एवढं सगळं असूनही उपग्रहाच्या पिक्सेलला एक गोष्ट अजिबात माहीत नसते. तो कुणाचा आहे, हे. ०.८ हा आकडा ऊस सांगतो, केळी सांगतो, कदाचित दाट बाभूळबनही सांगतो. पण गाव कोणतं, गट नंबर कुठला, तिथवर पाणंद जाते का, जवळचा दवाखाना किती लांब, यातलं त्याला काही ठाऊक नाही. उलट नकाशाला हे सगळं पाठ असतं, पण आज काय चाललंय याचा त्याला पत्ता नसतो. चाळीस वर्षांपूर्वी काढलेल्या नकाशात ओढा अजून वाहतोच आहे, मग त्याच्यावर प्लॉट पडून बंगले का उठेनात. उपग्रहाला आजचा दिवस कळतो, नकाशाला नाव-गाव कळतं. दोघांना एकमेकांवर तंतोतंत बसवलं की मगच विचारण्याजोगे प्रश्न सुरू होतात.

नकाशावर नकाशा ठेवायची कल्पना जुनी आहे. नगररचनाकार पारदर्शक कागदांवर माती, उतार, रस्ते वेगवेगळे काढायचे आणि उजेडाच्या टेबलावर एकावर एक ठेवून पाहायचे. १९६० च्या दशकात कॅनडा सरकारनं देशभरच्या जमिनीची प्रतवारी काढायला घेतली तेव्हा नकाशांची संख्या इतकी झाली, की हातानं हे काम उरकेना. रॉजर टॉमलिन्सन या भूगोलतज्ज्ञानं ते संगणकाकडे सोपवलं. नकाशे वाचायला आयबीएमनं खास ड्रम-स्कॅनर बनवला. जगातली पहिली भौगोलिक माहिती प्रणाली, आज ज्याला सगळे जीआयएस म्हणतात, ती अशी जन्मली. तिचं मर्म एवढंच, की प्रत्येक वस्तूला अक्षांश-रेखांशाचा पत्ता द्यायचा आणि त्या पत्त्याला हवी तेवढी माहिती टांगायची. रस्त्याला रुंदी, विहिरीला खोली, गावाला लोकसंख्या. एकाच पत्त्यावर जे जे टांगलेलं सापडेल ते आपोआप एकमेकांशी जोडलं जातं. त्यासाठी वेगळी खटपट लागत नाही.

अडचण येते ती उपग्रहाच्या पिक्सेलला हा पत्ता मिळवून देताना. त्यातली करामत चित्रापेक्षाही थक्क करणारी आहे.

उपग्रह दिवसा उत्तरेकडून दक्षिणेकडे येतो. महाराष्ट्राची सातशे किलोमीटरची उत्तर-दक्षिण लांबी ओलांडायला त्याला दोन मिनिटंही लागत नाहीत. कॅमेरा फोटो काढत नाही, तो खालची एकेक रेघ वाचत पुढं सरकतो. शंभर किलोमीटरची पट्टी वाचायला पंधरा सेकंद. पण तेवढ्या पंधरा सेकंदांत पृथ्वी स्वतःभोवती फिरतच असते आणि कोल्हापूर पूर्वेला साडेसहा किलोमीटरांहून जास्त सरकलेलं असतं. त्यामुळे कच्चं चित्र चौकोनी येतच नाही, ते तिरकं येतं. शिवाय उपग्रहाची मान हालते. ७८६ किलोमीटरवरून एका अंशाचा हजारावा भाग जरी नजर वळली तरी जमिनीवर जवळजवळ चौदा मीटरांची चूक होते. म्हणजे तुमचा ऊस शेजाऱ्याच्या शिवारात. हे टाळायला उपग्रह एकीकडे जीपीएसवरून आपली जागा बघतो, दुसरीकडे ताऱ्यांचे फोटो काढून आपण नेमके कुठं तोंड करून आहोत हे सतत तपासतो. पूर्वी समुद्रात गलबतं हाकणारे तांडेल ताऱ्यांवरूनच दिशा धरत. फरक एवढाच, की यानं तारे बघायचे ते कोल्हापूरकडच्या शिरोळच्या उसाची जागा चुकू नये म्हणून.

डोंगराळ भागात आणखी एक फसगत होते. तिरक्या नजरेला उंच माथा पायथ्यापेक्षा सरकलेला दिसतो. पन्हाळ्याचा माथा आपल्या जागेवर परत आणायचा तर त्याची उंची आधीच माहीत हवी. म्हणजे उपग्रहाच्या चित्राला पत्ता द्यायला सुद्धा नकाशाच लागतो. कोण कुणाला मदत करतंय, हे इथपासूनच गुंतायला लागतं.

आपल्या नकाशांचीही भानगड काही कमी नाही. भारताचे जुने नकाशे ज्या पृथ्वीच्या आकारावर बेतलेत, तो जॉर्ज एव्हरेस्टनं १८३० मध्ये ठरवलेला. जीपीएस ज्या आकारावर चालतं तो वेगळा. त्यामुळे जुना नकाशा गणित न करता तसाच्या तसा उपग्रहाच्या चित्रावर ठेवला, तर शंभराहून अधिक मीटरांनी सगळं सरकतं. देवळाचा कळस ओढ्यात आणि एसटी स्टँड उसात. आणि गावनकाशे? ते गावागावानं वेगळे मोजले गेले. प्रत्येकाचा मोजणीदार वेगळा, सुरुवातीचा दगड वेगळा. ते संगणकात शेजारी-शेजारी मांडले की दोन गावांच्या शिवेवर कुठं फट पडते, कुठं एकाची हद्द दुसऱ्यावर चढते. नागपूरचं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आणि भूमी अभिलेख खातं यांना ही शिवण घालत बसावं लागतं. शिवेवरची भांडणं जुनी आहेत. आता ती पडद्यावर रंगीत दिसतात, एवढंच नवं.

हे सगळं पार पडलं की मजा सुरू होते. एका पत्त्यावर एक चित्र ठेवून फारसं कळत नाही, पण सेंटिनेल-२ चे उपग्रह दर पाच दिवसांनी त्याच जागेवर येतात, सकाळी अकराच्या आसपास. वर्षभराची चित्रं एकावर एक रचली की एकेका गुंठ्याचा आलेख तयार होतो. सोयाबीनचा आलेख जुलैत चढतो, ऑगस्टअखेर शिखर गाठतो, सप्टेंबरच्या शेवटी पानं पिवळी पडली की कोसळतो. शंभर-एक दिवसांत सगळा खेळ खलास. उसाचा आलेख मात्र वर चढतो आणि वरच राहतो. सुरूचा ऊस बारा महिने, आडसाली सोळा ते अठरा. मग गळीत हंगामात एखाद्या आठवड्यात तो एकदम तळाला येतो. तिथं कोयता लागला. थोड्या दिवसांनी पुन्हा हिरवा चढ सुरू झाला तर खोडवा राखलाय. चढ आलाच नाही तर रान मोकळं केलंय. ऊस एका कारखान्याला नोंदवून दुसऱ्याला घालणाऱ्या मंडळींनी हा आलेख जरा जपून वाचावा.

या आलेखाला गटाची हद्द जोडली की गावाचा ऊस किती, तालुक्याचा किती, कुठला कधी तुटला, असा हिशेब मांडता येतो. पण त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही. दोन गुंठ्यांच्या मधून बांध जातो, बांधावर आंबा असतो, आंब्याची सावली दोन्हीकडे पडते. अशा पिक्सेलात निम्मा ऊस, थोडा आंबा आणि थोडं गवत, असं मिसळलेलं उत्तर येतं. आपल्याकडची शेतं लहान, वाटण्या होऊन आणखी चिंचोळी झालेली. त्यामुळे हे मिसळण अमेरिकेतल्या मैलभर मक्यापेक्षा इथं कितीतरी जास्त. म्हणून कुणीतरी प्रत्यक्ष बांधावर जाऊन, इथं अमुक पीक आहे असं लिहून आणावंच लागतं. तेवढ्या खऱ्या नोंदींवरून संगणक बाकीचं ओळखायला शिकतो. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी स्वतः मोबाइलवरून आपल्या पिकाचा फोटो गट नंबरासकट चढवू लागले. सातबारासाठी केलेली ही सोय जीआयएसवाल्यांना किती मोलाची वाटत असेल, याचा अंदाज नेटवर्क शोधत बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला क्वचितच असेल.

जमिनीखालच्या पाण्याचंही असंच. नंदुरबार-धुळ्याकडच्या बेसाल्ट खडकात लांबच लांब भित्तिका आहेत. जुन्या भेगांत तप्त रस शिरून थिजलेले हे कातळाचे बांध. जमिनीवरून चालताना एखादी अरुंद टेकाडी दिसते, तर उपग्रहाच्या चित्रात कित्येक किलोमीटरांची सरळ रेघ. ही रेघ, उतार आणि आसपासच्या विहिरींचं पाणी हे थर एकत्र मांडले, की भित्तिकेच्या कुठल्या बाजूला पाणी अडून राहत असावं याचा अंदाज बांधता येतो. नारळ हातावर उभा करणाऱ्या पाणाड्यांना मी नावं ठेवणार नाही, पण बोअरचा खर्च मला करायचा असेल तर मी आधी ही रेघ बघेन.

चित्र आणि नकाशाच्या या मेळाची खरी परीक्षा झाली ती ऑगस्ट २०१९ मध्ये. कोल्हापूर-सांगलीकडे सह्याद्रीवर पाऊस थांबेचना. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी गेलं ५५ फुटांच्या वर. सांगलीत आयर्विन पुलाखाली धोका ४५ फुटांना, कृष्णा ५७ फुटांवर पोचली. दोघींचा संगम शिरोळ तालुक्यात नृसिंहवाडीला. सखल, सपाट, गाळाची जमीन आणि नजर जाईल तिकडे ऊस. कुठं किती पाणी पसरलंय हे बघायची खरी गरज तेव्हा होती, आणि नेमकं तेव्हाच सेंटिनेल-२ आणि त्याच्यासारखे सगळे कॅमेरे आंधळे होते. त्यांना दिसत होते ते फक्त ढग.

अशा वेळी रडार कामाला येतं. रडारचा उपग्रह उजेडाची वाट बघत नाही, तो स्वतःच लहरी सोडतो आणि परतून येणारी लहर मोजतो. सेंटिनेल-१ ची लहर ५.६ सेंटिमीटरची. ढगातले थेंब तिच्यापुढं इतके बारीक, की ती त्यांना जुमानत नाही. रात्र असो, मुसळधार असो, ती खाली पोचते. तिचं काम तिरकं चालतं. सपाट पाण्यावर बॅटरीचा झोत तिरका मारला तर तो पलीकडे निघून जातो, आपल्याकडे फिरत नाही. तसंच इथं होतं. खडबडीत जमिनीवरून, झाडांवरून, घरांवरून लहर परतते, पाण्यावरून परतत नाही. म्हणून रडारच्या चित्रात पूर काळाकुट्ट दिसतो.

पण प्रत्येक काळं म्हणजे पूर नव्हे. नदीचं रोजचं पात्र आणि तलाव काळेच असतात, ते पुराआधीच्या चित्राशी वजाबाकी करून काढून टाकायचे. डोंगरामागे तिरकी लहर पोचतच नाही, तिथंही काळी सावली पडते. रडार एकटं असतं तर त्यानं सह्याद्रीच्या कड्याआडही महापूर दाखवला असता. उंचीचा नकाशा त्याला सांगतो की बाबा रे, या उतारावर पाणी उभं राहत नाही. हा उंचीचा नकाशाही अवकाशातूनच आलेला. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अवकाशयानातून साठ मीटर लांबीचा दांडा बाहेर काढला गेला. एक अँटेना यानात, दुसरी दांड्याच्या टोकाला. दोन डोळ्यांनी खोली समजते त्याच तत्त्वावर अकरा दिवसांत जगाच्या जवळपास ऐंशी टक्के जमिनीची उंची नोंदली गेली.

आता या थरांमधून जे निघतं ते मला अजूनही जादूसारखं वाटतं. रडार फक्त पाण्याची किनार दाखवतं. पाणी किती खोल, हे त्याला कळायचा मार्गच नाही. पण पुराचं पाणी एका ठिकाणी साधारण एकाच पातळीत असतं. म्हणजे किनारीवरच्या जमिनीची उंची तीच तिथल्या पाण्याची उंची. आत जा, तिथल्या जमिनीची उंची त्यातून वजा करा, उरली ती खोली. एका यानानं २००० सालची उंची सांगितली, दुसऱ्या उपग्रहानं आजची किनार, आणि दोघांपैकी एकालाही माहीत नसलेली गोष्ट वजाबाकीतून बाहेर आली. त्याच्यावर गावांच्या हद्दी आणि रस्ते टाकले की कुठल्या वाडीला होडी लागेल आणि कुठं ट्रॅक्टर पोचेल, असा प्रश्न विचारता येतो. हैदराबादचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र दर पावसाळ्यात देशभरच्या पुरांचे असे नकाशे बनवून राज्यांना देतं.

खोलीच्या आकड्यावर मात्र बेतानंच भरवसा ठेवावा. एंडेव्हरची उंची काही मीटरांनी चुकू शकते, आणि शिरोळसारख्या सपाट मुलखात एका मीटरवर गावाचं नशीब बदलतं. शिवाय त्याची लहर झाडोऱ्याच्या वरच्या भागावरून परतायची. ज्या रानात त्या फेब्रुवारीपर्यंत कोयता लागला नव्हता, तिथं उसाचा शेंडा जमीन म्हणून नोंदला गेला असायची शक्यता आहे.

ऊस इथंच सगळ्यांना चकवतो. मागच्या वर्षी जुलै-ऑगस्टात लावलेला आडसाली ऊस या ऑगस्टात दहा-बारा फुटांवर गेलेला असतो. त्यात कमरेएवढं पाणी शिरलं तरी वरून बघणाऱ्या ५.६ सेंटिमीटरच्या लहरीला लागतात ती पानं. ती पानांवरूनच माघारी फिरते. नकाशावर ते रान कोरडं दिसतं. शेतकरी बांधावर उभा राहून बुडालेला ऊस बघतोय आणि पडद्यावर तिथं पूर नाही, असा प्रकार होऊ शकतो. पुरासाठी काढलेल्या नकाशात पुरात सापडलेलंच सगळ्यात मोठं पीक सुटायचं. उसात पाणी किती दिवस साचून राहिलं त्यावर त्याची कूज ठरते, आणि नेमकं तेच या नकाशाला सांगता येत नाही.

याच्यावरचा उपाय लांब लहरीत आहे. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून निसार हा इस्रो आणि नासाचा मिळून बनवलेला उपग्रह गेला. बारा मीटर व्यासाची जाळीची छत्री उघडून तो ७४७ किलोमीटरवरून दोन रडारं चालवतो. इस्रोच्या रडारची लहर नऊ सेंटिमीटरच्या घरातली, नासाच्या रडारची चोवीस. जगातल्या बहुतेक जमिनीवरून तो दर बारा दिवसांनी फिरून येतो. चोवीस सेंटिमीटरच्या लहरीला उसाचं पान बऱ्याच अंशी दिसतच नाही. ती पानांतून खाली उतरते, पाण्यावर आपटते, तिथून उभ्या कांड्यांवर आपटते आणि आली त्या वाटेनं जोरानं परतते. म्हणजे उलटंच झालं. मोकळ्या रानात पाणी शिरलं तर पिक्सेल काळा पडतो, उभ्या पिकात शिरलं तर पांढरा उजळतो. आणि पाणी शेंड्याच्याही वर गेलं, तर ऊसही पुन्हा काळा.

आता संगणकाला एकच नियम देऊन भागणार नाही. कुठल्या गुंठ्याला काळ्याचा नियम लावायचा आणि कुठल्याला पांढऱ्याचा, हे त्याला आधी सांगावं लागतं. त्यासाठी कुठं ऊस उभा आहे, तो मागच्या वर्षीचा आडसाली आहे की नुकती केलेली लागण, हे माहीत हवं. रडार ते सांगू शकत नाही. ते सांगतो इन्फ्रारेडचा वर्षभराचा आलेख आणि ई-पीक पाहणीतली नोंद, गटाच्या हद्दीवर बसवून.

त्यात वेळेची एक गंमत आहे. खरिपाची पीक पाहणी चालते ऑगस्टपासून सप्टेंबरपर्यंत. कृष्णेचा मोठा पूर २०१९ मध्ये ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात आला, २०२१ मध्ये तर जुलैतच. तोवर यंदाच्या नोंदी झालेल्या नसतात, आणि जूनपासून ढग असल्यामुळे इन्फ्रारेडची चित्रंही नसतात. त्यामुळे ऑगस्टातल्या पुरात कुठला गुंठा उसाचा धरायचा, हे एप्रिल-मेच्या निरभ्र आकाशातल्या चित्रांवरून आधीच ठरवून ठेवावं लागतं.